पंख्यातली झेंडूची पाकळी

ये, जरा खुर्ची ओढून जवळ बस. आणि तो मोबाईल भराभर वर सरकवू नकोस. मी चार ओळींच्या वर काही लिहिलं की तू खाली एक हसरा चेहरा चिकटवतेस आणि झालं, आजीचं वाचून झालं! आज नाही चालायचं. तू तिकडे बंगळूरला आहेस, कळतं मला. पण वाचताना तरी जवळ बसावं माणसानं.

तुझे आजोबा गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू इथं उलव्याला आली होतीस. त्यांच्या खोलीत, त्यांच्याच जुन्या कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ एडिट करत बसायचीस आणि तो मेला मध्येच अडकायचा. तू वैतागून म्हणालीस, "आजी, तुझ्याकडे एक धड पीसी असता ना, तर मी इथूनच काम केलं असतं. गेलेच नसते."

तू बोललीस आणि विसरलीस. मी काही विसरले नाही.

तू गेल्यावर मी शिकायला लागले. जेवण उरकलं की मोबाईलवर व्हिडिओ लावायचे. ती पोरं काय भराभर बोलतात गं! मी थांबवून थांबवून ऐकायचे. हळूहळू लक्षात आलं, हे स्वयंपाकघर मांडण्यासारखंच आहे. गेम खेळायचे तर ग्राफिक्स कार्डाला हात आखडता घ्यायचा नाही. एडिटिंगला रॅम भरपूर हवी, म्हणजे ओटा मोठा हवा. एका वेळी सगळी पातेली मांडता आली पाहिजेत. प्रोसेसर मधला चालतो, सगळ्यात वरचा घेऊन मिरवायचंय कुणाला? पॉवर सप्लाय मात्र हलका नको, तो जाताना बाकीच्यांना घेऊन जातो. आणि ते आतले रंगीबेरंगी दिवे? ते आधी उडवले. घरात काय गणपती बसवायचाय?

वाशीला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, नातवासाठी का?"

"नातीसाठी."

"मग तिलाच पाठवा ना. तिला कळेल काय पाहिजे ते."

"ती येईल तेव्हा तयार पाहिजे. या मदरबोर्डवर ही रॅम बसते का, तेवढं सांगा तुम्ही."

तो जरा सावरून बसला. निघताना म्हणाला, "असेम्बलिंग फ्री आहे, मावशी. आत्ता जोडून देतो. घरी नेऊन नुसतं बटण दाबा."

"तुम्ही जोडून दिलंत, तर मी घरी जाऊन काय करू?"

मी हसत बोलले होते, पण तो हसला नाही. सगळी खोकी रिक्षापर्यंत स्वतः आणून दिली त्यानं.

जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. मन लावून बसलं तर एका दिवसात होतं म्हणे. मी पुरवून पुरवून जोडला. आज प्रोसेसर, त्यावर तो तापू नये म्हणून वाटाण्याएवढी पेस्ट, बास. उद्या रॅम. संपवायची घाई कुणाला होती? शेवटी चालू केला, तर पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी ठिक्कर! व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. मग कळलं, मॉनिटरची वायर मी मदरबोर्डाच्या भोकात घातली होती, ती ग्राफिक्स कार्डाच्या भोकात हवी. बदलली आणि उजेड पडला. "आलं!" म्हणून केवढ्यानं ओरडले मी. घरात ऐकायला होतंच कोण? म्हणून तुला फोन लावला.

"अगं, पीसी झाला! कधी येतेस?"

"कुठला पीसी? थांब, आजी, तू जोडलास? स्वतः? कमाल आहेस तू!" मग म्हणालीस, "पण आजी, ऑफिसनं मला भारी लॅपटॉप दिलाय गं. आता सगळं त्याच्यावरच होतं."

"हो का? बरं झालं की," मी म्हटलं.

"दिवाळीला बघते हं यायचं."

दसऱ्याला आजोबा हत्यारांची पूजा करायचे ना, पाना-पक्कड मांडून? यंदा मी या पीसीची केली. कुंकू लावलं आणि कॅबिनेटवर झेंडूचा जाडजूड हार ठेवला. एवढं शिकले, पण वरच्या बाजूला जाळी आहे आणि जाळीखाली पंखा आहे, हे काही पूजा करताना डोक्यात आलं नाही. संध्याकाळी चालू केला तर आतून टिकटिक टिकटिक. पंख्यात पाकळी पडली होती.

दिवाळी झाली. तुला सुट्टी मिळाली नाही.

दुपारी मी तो पीसी चालू ठेवते. आजोबांच्या मोबाईलवरच्या व्हिडिओंचे तुकडे एकाला एक जोडते. ते कंटाळवाणं वाटलं की ओट्यापाशी येते, आणि खोलीतून ती टिकटिक येत राहते. अगदी तू आत बसून टाईप करतेयस असं वाटतं. कधी कधी चहासुद्धा दोन कप टाकते, मग दुसरा तसाच गार होतो.

मला पाकळी काढता येत नाही असं समजू नकोस हं. सगळा मीच जोडलाय, झाकण उघडलं की झालं. आणि काढायला हवी, पंख्याला बरी नाही ती. पण अजून काढली नाहीये.

आता तर इथला विमानतळही सुरू झालाय. उतरलीस की घर जवळच. लॅपटॉप घेऊन आलीस तरी चालेल. पाकळी तूच काढ. आणि काढलीस की लगेच निघू नकोस, थोडे दिवस राहा. लवकर ये गं.