गोधडी नक्की कोणाची

स्पेनहून माझ्या गावी, आंजीला परतताना मी काय काय स्वप्नं पाहिली होती, विचारू नका. समाजमंदिराचा ओटा गच्च भरलाय, वर्ध्याहून एसटीने पोरी येतायत, कापसाच्या शेतांवरून स्पॅनिश क्रियापदं तरंगत चाललीयत. प्रत्यक्षात माझ्या स्पॅनिशच्या वर्गाला आल्या एकट्या शेजारच्या सिंधूकाकू. त्याही ओट्यावर ऊन चांगलं येतं म्हणून, तुरीच्या शेंगा सोलायला. आणि एवढ्या एकाच विद्यार्थिनीपुढे माझी जी फजिती झाली ती ऐका.

स्पॅनिशमध्ये 'सू' म्हणजे त्याचं, तिचं, तुमचं, त्यांचं, सगळंच. काकूंनी तिथेच पकडलं.

"मंग वस्तू कोनाची हे समजते कसं व?"

मला स्फुरण चढलं. म्हटलं, काकू, 'सू' सोडा. त्याचं असेल तर 'दे एल' म्हणा, तिचं असेल तर 'दे एया', तुमचं असेल तर 'दे उस्तेद'. मालक स्पष्ट झाला की जगातली निम्मी भांडणं मिटतील.

"आमच्या वावराच्या धुऱ्याचंई मिटन काय?" काकूंनी शेताच्या बांधाचं जुनं भांडण काढलं.

हिवाळ्यात माझी स्पेनची मैत्रीण मार्ता एका दिवसासाठी आली. काकूंनी चहाला बोलावलं. अंगणात बाजेवर गोधडी उन्हात टाकली होती. काकूंच्या आईच्या, सासूच्या आणि त्यांच्या स्वतःच्या लुगड्यांची. लेक वनिता बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या होणाऱ्या बाळासाठी ही गोधडी शिवलेली. ऊन इतकं मऊ होतं की ते जुने रंग झोपेत हसतायत असं वाटावं. मार्ता त्यांवरून हात फिरवत राहिली. "किती सुंदर," मी भाषांतर केलं.

"आवडली काय? तुमचीच हाय मंग," काकू म्हणाल्या.

आता हे आपण सगळेच म्हणतो की नाही? पाहुण्याने 'छे छे' म्हणायचं, आपण अजून एकदा आग्रह करायचा, आणि वस्तू जागच्या जागी राहते. मार्ताकडेही असंच बोलतात. मी नुसतं 'सू' म्हटलं असतं तर तीही गोड हसून चहा प्यायली असती. पण मी पडले शिक्षिका. मी एकेक शब्द तोलून म्हटलं, "दे उस्तेद. तुमची. नक्की तुमची."

मार्ताचे डोळे भरले. तिने काकूंना मिठी मारली, गोधडीची घडी केली आणि छातीशी धरली.

वनिता पोटावर हात ठेवून दारात उभी. "आई, हे बाई गोधडी घेऊन चालली काय?"

"चूप बस. पाहुनी हाय." मग काकू माझ्याकडे वळल्या. "काय सांगतलं व पोरी तिले?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"थेच तं चुकलं तुह्यं."

सकाळी मार्ता ती गोधडी बॅगेत कोंबत होती, तेव्हा मी अडखळत सगळं सांगितलं. ती हसत हसत खालीच बसली.

"माझी आजीही येईल त्याला म्हणायची, हे घर तुमचंच. कोणी सामान घेऊन राहायला आलं नाही. पण तू असं काही बजावलंस, मला वाटलं नाही म्हणणं इथे गुन्हा असेल."

आम्ही गोधडी परत द्यायला गेलो. काकूंचा चेहरा उजळला, हात पुढे आले, आणि तोंडाने मात्र म्हणाल्या, "राहू द्या न. तुमचीच हाय."

काय म्हणतायत, म्हणून मार्ताने माझ्याकडे पाहिलं. दारातून वनिताही माझ्याकडेच पाहत होती.

मी ठरवलं, आज सकाळपुरतं मला स्पॅनिश येत नाही.