अर्ध्या घंट्यात येतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या तमाम माणसांची काळजी एका पारड्यात टाकली आणि दुसऱ्या पारड्यात आमच्या शेजाऱ्याची नुसती सोमवार सकाळची काळजी टाकली, तरी दुसरंच पारडं जमिनीला टेकेल. मी उगाच बोलत नाही. दिग्रसला त्याच्या भिंतीला भिंत लावून आम्ही दहा वर्षं राहतोय आणि भिंत विटांची असली तरी काळजी तिच्यातून आरपार येते. पस्तिशीला आलेला पोरगा, तहसील कचेरीत कारकून, बोलायला गोड, वागायला सरळ. पण जगातली कुठलीही गोष्ट त्याला एकदाच करता येत नाही. आधी तिची तालीम, मग ती गोष्ट. उद्या उमरखेडला सासुरवाडीला जायचं असलं, की आज हा बायकोला आणि रिकाम्या बॅगेला घेऊन बसस्टँडवर हजर. गाडी लागली की दाराशी जाऊन पायरी किती उंच आहे ते पाहायचं, खिडकीतून उन्हाची बाजू कोणती ते ठरवायचं. कंडक्टर म्हणतो, "चढा ना भाऊ," तर हा म्हणतो, "आज नाही, उद्या." एवढं करून दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याच फलाटावर लागते आणि हा धावत सुटतो, मागून त्याची बायको हसत हसत, भरलेली बॅग घेऊन.

ती मात्र याच्या अगदी उलट. डोक्यावर आभाळ कोसळलं तरी आधी चहा घेईल आणि मग वर पाहील. लग्न कसं जमलं ते तिनेच मला सांगितलं. बघायला यायच्या आदल्या दिवशी हा पठ्ठ्या एकटाच उमरखेडला जाऊन घर शोधून आला. रस्ता चुकला तर, घराला दोन दारं असली तर, कुत्रं असलं तर! उन्हात थकून त्यांच्याच ओट्यावर टेकला. तिच्या वडिलांना वाटलं कोणी वाटसरू आहे, त्यांनी आतून पाणी मागवलं आणि पाणी घेऊन आली ती हीच. याने मान खाली घालून तांब्या रिकामा केला, "उपकार झाले" म्हणाला आणि पळाला. दुसऱ्या दिवशी आई, मामा, सगळा गोतावळा घेऊन आला, तर तिचे वडील म्हणतात, "अरे, हा तर कालचा!" बैठकीत जो हशा पिकला, त्यात याचे पोहे तसेच राहिले. ती अजून म्हणते, "काकू, आलते ते सगळे त्या दिवशी. पण मी हो म्हटलं ते कालच्याले."

हसण्यावारी नेतो आम्ही, पण याच्या मुळाशी काय आहे ते एकदा त्याच्या आईने सांगितलं. हा कॉलेजात असताना त्याचे वडील एका सकाळी "चहा ठेव, आत्ता येतो" म्हणून भाजी आणायला गेले आणि बाजारातच खाली बसले, ते बसलेच. चहा उकळून उकळून काळा झाला. तेव्हापासून या पोराचा कशावरच भरवसा नाही. त्याची आई कडक बाई. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत सोवळ्याच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहू शकत नाही, आणि आंबील ढवळताना ती माझ्याशीही भिंतीपलीकडूनच बोलते. पण हे सांगताना ती माऊली पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती.

त्याच्या आयुष्यात तालमीशिवाय आलेली एकच गोष्ट, ती म्हणजे बोंड्या, त्यांचा कुत्रा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याची बायको जिनिंग कारखान्याच्या बाजूने येत होती, तेव्हा फाटकाबाहेर सांडलेल्या कापसात काहीतरी हललं. पांढरं पिल्लू, कापसात कापूस झालेलं. तिने उचललं, ओढणीत गुंडाळलं आणि घरी आणलं. सासूबाई म्हणाल्या, "ओसरीच्या पुढे पाय नाही ठेवाचा त्यानं." हा आठ दिवस नुसता येरझाऱ्या घालत होता, चावलं तर, हरवलं तर, पिसाळलं तर! नवव्या दिवशी बोंड्या त्याच्या चपलेवर झोपलेला दिसला आणि हा अनवाणी कचेरीत गेला. पुढच्या दिवाळीला फटाक्यांना कुत्रं भिऊ नये म्हणून याने पंधरा दिवस आधी तालीम सुरू केली. हा कागदी पिशव्या फुगवून फोडायचा, आणि बोंड्याच्या कानात कापूस. दिग्रसमध्ये कापसाला काय तोटा! लक्ष्मीपूजनाला गल्ली दणाणली तेव्हा बोंड्या चारी पाय वर करून झोपला होता, आणि पहिल्या सुतळी बॉम्बला दचकून आमच्या अंगणात आला तो हाच.

खरी कसोटी लागली ती बायकोला दिवस गेले तेव्हा. डोहाळजेवणाच्या ताटावरच त्याच्या आईने निकाल दिला, "लेकरू घरात येईन, त्या दिवशी कुत्रं वावरात जाईन." वावर म्हणजे त्यांचं शेत, दिग्रसपासून आठ किलोमीटर, कापूस आणि तूर, आणि राखायला एक सालदार. सूनबाईने भांडण केलं नाही, फक्त हातातला लाडू ताटात परत ठेवला. तडजोड झाली ती अशी : बाळंतपण उमरखेडला माहेरी, बारसं सव्वा महिन्याने इथे; त्या दिवशी बोंड्या नीट वागला तर राहील, नाहीतर जाईल. झालं, आमच्या शेजाऱ्याला परीक्षेची तारीख मिळाली.

बायको माहेरी गेली आणि या घरात बाळ आलं. बाळ म्हणजे कोहळं. चांगलं चार किलोचं लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, दुपट्यात बांधून पाळण्यात निजवलेलं. तिकडे खरं बाळ झाल्यावर उमरखेडहून बायको त्याच्या रडण्याचा आवाज मोबाईलवर पाठवायची, तो हा पाळण्याखाली वाजवायचा. बोंड्याने चार हातांवर पोत्यावर बसायचं आणि कोणी अनोळखी पाळण्याला हात लावायला आलं तर गुरगुरायचं. कशाला, तर आमच्या गल्लीत माकडं फार, आणि माकडाने लेकरू उचललं तर! तालीम संपली की हा "सुट्टी" म्हणायचा, मग बोंड्याला बिस्कीट. पाहुणी म्हणून माझी नेमणूक होती. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन त्यांच्या दारातून आत जायचं आणि पाळण्यात वाकून म्हणायचं, "बाई बाई, नाक अगदी आजोबांचं हो!" कोहळ्याला. पन्नाशी उलटलेली बाई मी, शाळेत मुलं मला टरकतात. त्याची आई स्वयंपाकघरातून कपाळाला हात लावायची. तीन आठवड्यांनी तिने शेवटी त्या कोहळ्याची भाजी केली, आणि खरं सांगते, बोंड्या त्या दिवशी जेवला नाही. हाही नाही. दुसऱ्या दिवशी नवं कोहळं आलं.

आता काळजीखोर माणूस एकाच बाजूने तयारी करत नाही. नापास झालो तर, याचीही तालीम हवी. म्हणून दर रविवारी बोंड्याला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून हा वावरात न्यायचा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीखाली बसवायचा, "अर्ध्या घंट्यात येतो" म्हणायचा, आणि नाल्यापलीकडे जाऊन घड्याळाकडे पाहत उभा राहायचा. अर्धा तास झाला की परत. कुत्र्याला वावराची सवय व्हावी, एकदम सोडलं असं वाटू नये, एवढाच हेतू. पहिल्या रविवारी बोंड्या गाडीमागे नाल्यापर्यंत धावला. दुसऱ्या रविवारी बाभळीखाली बसून रडला. चौथ्या रविवारपर्यंत शहाणा झाला आणि शेपटी हलवत आरामात बसू लागला. सालदार एकदा म्हणाला म्हणे, "साहेब, तुम्ही कुत्रं सोडून राह्यले का फिरवून राह्यले, मले काही समजून नाही राह्यलं."

बारशाच्या दिवशी घर भरलं. फुलांनी सजवलेला पाळणा, घुगऱ्यांचा वास, बायकांची गर्दी. शेजारी दारात उभा, घामाने सदरा ओला. बोंड्या आंघोळ करून आपल्या पोत्यावर, अगदी शहाण्यासारखा. बाळ आईच्या मांडीवर टाहो फोडत होतं, पण त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या लेखी बाळ पाळण्यात असतं, मांडीवर नाही. आता आपल्याकडे बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, हे दीड महिना तालमी करणाऱ्या या शहाण्याच्या ध्यानातच नव्हतं. बारशाची पद्धत बायकांना ठाऊक, आणि बायकांना विचारायची तालीम त्याने केली नव्हती. मावशीने, म्हणजे त्याच्या आईच्या थोरल्या बहिणीने, वरवंट्याला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं, पाळण्यात ठेवलं आणि चार झोके दिले. दुपट्यातली ती जड, गोल वस्तू पाहताच बोंड्या उठला आणि पाळण्याखाली जाऊन उभा राहिला.

वरवंटा काढून बाळाला ठेवायची वेळ आली. मावशीने हात घातला. बोंड्या गुरगुरला. मावशीने हात मागे घेतला, पुन्हा घातला, तर दात दिसले. बायका भिंतीला टेकल्या. "अरे, बोलाव ना त्याले," त्याची आई म्हणाली. आणि आमचा शेजारी, ज्याने तो एक शब्द रोज संध्याकाळी उच्चारला होता, दारात उभा राहून तोंड उघडत होता आणि मिटत होता. शब्द गेला तो गेलाच. "बस... नको... पुरे... बोंड्या, झालं बाप्पा!" शेवटी मी ओरडले, "सुट्टी!" पण मी पाहुणी. पाहुणीचं ऐकायचं नाही हे त्याला पक्कं शिकवलेलं. मग सूनबाईने बाळ माझ्याकडे दिलं, पुढे होऊन वरवंटा उचलला. बोंड्याने दुपट्याचं टोक धरलं, ओढाताणीत वरवंटा सुटला आणि मावशीच्या पायापासून चार बोटांवर बत्ताशांच्या ताटात पडला. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. बाळ पाळण्यात गेलं, आत्याने कानात नाव सांगितलं, गाणी झाली, पण सगळ्यांची नजर ओसरीत बांधलेल्या कुत्र्याकडे. पाहुणे गेल्यावर त्याची आई एवढंच म्हणाली, "उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोंड्याला घेऊन गेला. सूनबाई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मी त्यांची परात परत द्यायला गेले होते, ती तिथेच बसून राहिले, उठवेना. त्याची आई भाकरीचं पीठ मळत होती, मळतच होती. तो परत आला, गाडी लावली आणि दारातच बसला.

"रडलं का ते?" आईने न वळता विचारलं.

"नाही."

"धावलं का मांगं?"

"नाही वो. धुऱ्यावर बसलं. मी वळून पाह्यलं तं शेपटी हलवून राह्यलं होतं." त्याने हातातली किल्ली उंबऱ्यावर ठेवली. "मी तोंडातून अर्ध्या घंट्यात येतो म्हणून गेलो आई. सवयीनं. त्याले वाटून राह्यलं असन मी येतोच आहे."

"किती वेळ झाला?"

"दीड घंटा. नाल्याजवळ उभा होतो."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पायात चपला घातल्या. या बाईला मी त्याच्या मोटरसायकलवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "चाल," ती म्हणाली.

"कुठी?"

"वावरात. येतो म्हणून गेलेल्याची वाट कशी असते, मले माहीत आहे. त्या मुक्या जिवाले कायले दाखवतं? तालीमच होती म्हण."

तासाभराने गल्लीत गाडी आली. पुढे तो, रडून नाक लाल झालेला. मागे त्याची आई, एका हाताने त्याचा खांदा घट्ट धरलेला, आणि मांडीवर, चांगल्या नव्या लुगड्यावर, धुळीने माखलेला बोंड्या. बोंड्याला काही विशेष घडलंय असं वाटत नव्हतं. बाभळीखाली होता तिथेच बसलेला सापडला म्हणे, फक्त उशीर झाला म्हणून शेपटी जरा जास्त हलवली. त्या माऊलीने घरात येऊन आंघोळ केली, पण बोंड्याला ओसरीतून हाकललं नाही. संध्याकाळी बाळ रडलं तेव्हा तिनेच त्याला पाळण्यापाशी नेऊन बाळाचे पाय हुंगवले. "हे आहे आपलं लेकरू," ती म्हणाली, "कोहळं नाही."

बाळ आता पहिलीत जातं. शाळेच्या पहिल्या दिवसाची तालीम तीनदा झाली, आणि चौथ्या दिवशी, म्हणजे खऱ्या दिवशी, मुलगा आनंदाने आत गेला आणि बाप फाटकाला धरून उभा. रविवारी अजून तो बोंड्याला वावरात नेतो, पण आता टाकीवर उडी मारणं जमत नाही, उचलून बसवावं लागतं. मागचे पाय थरथरतात. पांढऱ्या अंगावर म्हातारपण दिसत नाही, पण मला दिसतं. परवा तो त्याला असाच उचलत होता, आणि मी मूर्खासारखी बोलून गेले, "अरे, याच्यापुढचं काही ठरवलं आहेस का? तू तर सगळ्याची तयारी करतोस."

त्याने बोंड्याला नीट बसवलं, त्याच्या मानेखाली हात घातला आणि किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला.

"तो आला तवा कुठी तालीम केलती, काकू?" तो म्हणाला. मग मला म्हणाला, "अर्ध्या घंट्यात येतो," आणि गेला. मी फाटकातच उभी राहिले, ते दोघं परत येईपर्यंत.