पाव्हन्याची मरळ

गनीभाई माझा थोरला भाऊ. नगरला पलटनीचे खाकी कपडे शिवायचा. लढाईच्या त्या वर्सांत त्याला सुट्टी अशी न्हवतीच. पन उन्हाळ्यात सीना नदीचं पानी तुटून नुसते डोह राहिले, की दोन दिवस शेतावर यायचाच. डोहातली मासळी आमी सगळं भाऊबंद मिळून धरायचो. एकट्यानं जाळं टाकायचं न्हाई, असा अब्बांपासूनचा रिवाज.

त्या साली आला तो पार वाळून. बायको मागंच गेलेली, पोरबाळ न्हाई. सुईत दोरा ओवायला शेजाऱ्याला हाक मारतो म्हनला. सकाळी डोहाकडं जाताना बांधावर टेकला आन मला एकटीला म्हनला, "चांद, थकलो बघ. आता हितंच ऱ्हावं म्हनतो. मासळीचे वाटे पडले की शमशेरला विचारीन, मला बी एक चूल मांडू दे."

शमशेर आमचा धाकटा, शेत तोच बघायचा. फटकळ हाय, पन मनाचा खोटा न्हाई. मी म्हनले, विचार की, त्यात काय एवढं. खरं सांगते, लई बरं वाटलं मला. नवरा गेल्यापासून मी बी माझी चूल एकटीच फुंकत हुते.

दुपारपतूर गुडघाभर चिखलात जाळं ओढून सगळ्यांच्या कमरा गेल्या. गनीभाईला दोनदा काठावर बसवलं, तरी परत पान्यात उतरला. पाव्हन्यानं एवढं कशाला राबावं, असं शमशेरची बायको मलिका म्हनाली. तवर तो जाळ्याचं टोक धरून पुढं गेला हुता.

वाटे घालायचं काम माझं. पळसाच्या पानांवर, चुलीमागं एक वाटा. पाच चुली, पाच वाटे. पन त्याच्या आधी सगळ्यात मोठा मासा पाव्हन्याला काढून द्यायचा. ऊन डोक्यावर, अंग मोडून आलेलं. गनीभाई नगरला गेल्यापासून आठ वर्सं हात जे करत आले, तेच त्यांनी केलं. हातभर मरळ धुतली आन सगळ्यांदेखत गनीभाईच्या पुढ्यात ठेवली. वर थट्टेनं म्हनले, "घ्या पाव्हनं."

त्यानं मरळीकडं बघितलं, मग पाच पानांकडं. तवा माझ्या ध्यानात आलं. जीभ झडली का न्हाई माझी! सहावं पान घ्यायला उठले, तवर तो शमशेरला गाडी जुंपायला सांगत हुता. कामं पडलीत म्हनला. मरळ पानात गुंडाळून, नीट बांधून घेतली, मला वाईट वाटू नये म्हनून.

गनीभाई गेल्यावर शमशेरला बांधावरचं बोलनं सांगितलं तर तो माझ्यावरच खेकसला, आधी बोलायला काय झालं हुतं म्हनून. दुसऱ्याच दिवशी त्यानं पत्र धाडलं, तुझी चूल मांडून ठेवतो, ये.

महिन्यानं उत्तर आलं. डोळे आता बरे आहेत, काळजी करू नका, असं लिहिलं हुतं. शमशेरनं दोनदा वाचलं. मग म्हनला, "अक्षर गनीभाईचं न्हाई."