करवंटीखालचा कपॅसिटर

आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. घरात एकच सिलिंडर उरला होता, म्हणून मी मशीन घेऊन धारगळच्या हायवेवरच्या दुरुस्तीवाल्याकडे धावलो.

त्याने मोटर चालू करणारा जळका कपॅसिटर काढला आणि दोन कंपन्यांचे नवे कपॅसिटर तळहातावर तोलले. हलका फेकला, जड मशीनला जोडला आणि त्यावर नारळाची करवंटी पालथी घातली.

"दाराभायर ऱ्हवा. खोटो आसलो तर फुटता."

"चांगल्या कंपनीचा आहे ना?"

"नाव कोणय छापता. तापलो काय कळता, खरो का खोटो."

त्याने बटण दाबलं. तेव्हा मला त्याच्या भुवईवरचा भाजल्याचा व्रण दिसला. मशीन घरघरू लागलं. करवंटीकडे बघत आम्ही दोघेही श्वास रोखून होतो.

मशीन अजून चालतं. बटण दाबताना मात्र मी आई आणि मशीनच्या मध्ये उभा राहतो.