उठायची चाल

दुसऱ्या अंकाचं शेवटचं पद सुरू झालं आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. मी विंगेत पडद्याच्या दोरीपाशी होते. मला वाटलं, साप निघाला. मंगल कार्यालयाच्या मागे तुरीचं शेत आहे, एका लग्नात असाच निघाला होता. मग दुसरी रांग उठली, तिसरी उठली, आणि बघता बघता सगळं सभागृह हात जोडून उभं राहिलं.

आमच्या संगीत नाटक मंडळीचा तो पहिलाच खेळ. मंडळीची अध्यक्ष मी. मला गाता येत नाही. कळमनुरीत माझं बिछायत केंद्र आहे. खुर्च्या, गाद्या, मंडप, भोंगे, कढया भाड्यानं देते. मंडळी काढायचं ठरलं तेव्हा गाणारे पुष्कळ होते, सामान एकट्या माझ्याकडे होतं. “खुर्च्या तुझ्या, म्हणून खुर्ची तुला,” असं नवरा म्हणाला. खरंच होतं, मी मनाला लावून घेतलं नाही.

गाण्याची बाजू गुरुजींची. ते निवृत्त संगीत शिक्षक, मूळचे लातूरकडचे, नोकरीसाठी कुरुंद्याला आले आणि तिथंच राहिले. त्यांचा हट्ट एकच: जी नाटकं आता कोणी करत नाही, तीच करायची. या नाटकाच्या तिसऱ्या अंकातलं एक पद त्यांना त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं. पण नाटकात, त्या प्रसंगात, कोणी ते म्हणताना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. “तेवढं एकदा बघायचंय ताई,” म्हणाले. मी म्हटलं, “तिसरा अंक होणार. माझा शब्द.”

बाकीच्या पदांच्या चाली हरवल्या होत्या. छापील पुस्तकात प्रत्येक पदावर ‘चाल’ म्हणून कुठल्या तरी गाण्याची ओळ दिलेली, आणि ते गाणं आता कोणालाच ठाऊक नाही. गुरुजींनी तोडगा काढला. नाटक लोकांना अनोळखी, तर चाली ओळखीच्या लावू. इकडच्या भजनांत ऐकलेल्या चाली त्यांनी एकेका पदाला बसवल्या. मला पटलं. पंगतीत नवा पदार्थ असला की मी शेजारी लोणचं वाढायला सांगते, तसंच हे.

पहिल्या अंकात ते जमलंही. माना डोलत होत्या. दुसऱ्या अंकाच्या शेवटी राणी मुलाला लढाईवर पाठवते. त्या पदाला गुरुजींनी लावलेली चाल आमच्या भागात भजन संपवायची आहे. ती लागली की उठायचं, हात जोडायचे. संपली की प्रसाद घेऊन चपला शोधायच्या. हे मलाही माहीत होतं. पण तालमी माझ्या गोदामात व्हायच्या, आणि मंडपाच्या बांबूंमुळे तिथं बसायला जागाच नाही. आम्ही सगळे उभेच असायचो, त्यामुळे उठायची आठवण कोणाला येणार? गुरुजी तर भजनात पेटीवर बसलेले. लोक उठतात ते त्यांच्या पाठीमागे.

लोक नुसते उभे राहिले नाहीत. राणीच्या शब्दांवर त्यांनी आपले शब्द चढवले आणि टाळ्यांचा ठेका धरला. राणी म्हणजे बँकेत काम करणारी, गावातल्याच एका घरची सून. पहिल्यांदाच रंगमंचावर आलेली. ती दोन ओळी रेटून गायली आणि मग गप्प झाली. तोंड उघडंच राहिलं. मी दोरी सोडून पडदा पाडला.

वऱ्हाड परत गेलेलं मी पाहिलंय, वाऱ्यानं मंडप उडालेला पाहिलाय. रागानं उठलेल्या लोकांना परत बसवता येतं. हे लोक समाधानानं निघाले होते.

मी माइक घेऊन पडद्यापुढे आले. “बसा, अजून एक अंक आहे.”

पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “आता कसं बसावं बाई? उठणं झालं की.”

“नाटक संपलं नाही मावशी.”

“मंग संपायचं काहून म्हणलं तुमी?”

मागून एक जण ओरडला, “प्रसाद कुठंय? का अध्यक्षीणबाईंनीच खाल्ला?” लोक हसले. बाहेर सेनगावच्या प्रेक्षकांना न्यायला आलेली जीप हॉर्न देत होती.

गुरुजी पेटीवरून मान वर करेनात. “राहू द्या ताई. पेटी बंद करतो.”

प्रसाद हा शब्द तोवर माझ्या डोक्यात बसला होता. मी माइकवर सांगितलं, “प्रसाद घेतल्याशिवाय कोणी जायचं नाही. शिरा होऊन राहिलाय. तोवर बसून घ्या.” शिऱ्याचा पत्ता नव्हता. पण सकाळच्या बारशाची कढई आणि भट्टी टेम्पोतच होती, आणि समोर किराणा दुकान होतं.

मावशीनं विचार केला. “प्रसादासाठी बसायला हरकत न्हाई,” म्हणाली आणि बसली. तिच्यामागे सभागृह बसलं. मी पडदा वर करायला सांगून मागच्या दारानं पळाले.

तिसरा अंक मी पाहिला नाही. मी रवा भाजत होते आणि भिंतीपलीकडून बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. मग गुरुजींचं ते पद आलं. असली चाल मी कुठल्या भजनात, कुठल्या लग्नात ऐकली नव्हती. शिरा खाली लागला.

पद संपलं. टाळी नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. लोक मधूनच निघून गेले, दुसरं काय? उलथनं हातात तसंच धरून मी आत धावले.

पडदा पडलेला होता आणि सभागृह भरलेलं होतं. सगळे बसून. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. गुरुजी पेटीपाशी उभे, चेहरा उतरलेला. “ताई, आवडलं न्हाई का यांना?”

मी खाली उतरून मावशीजवळ गेले. “मावशी, झालं नाटक. शिरा तयार आहे.”

“झालं ते दिसलं. लेकरू गेलं तिचं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “पण उठावं कसं? ती उठायची चाल म्हणा की.”

“व्हय, म्हणा,” मागून कोणी तरी म्हणालं. “असंच कसं उठायचं?”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खाली बसले, भाता ओढला. राणी मुकुट काढून बसली होती, ती तशीच पडद्यापुढे आली आणि दुसऱ्या अंकातलं पद पहिल्यापासून म्हणाली. लोक उठले, हात जोडले. या वेळी तिच्यावर कोणी गायलं नाही.

करपलेला शिरा लोकांनी खाल्ला. गुरुजी हातात द्रोण घेऊन माझ्याजवळ आले.

“ते पद ऐकलं का तुमी?”

“भिंतीतून ऐकलं.”

“मंग पुढच्या खेळाला शिरा आधीच करून ठेवा.”