भाद्रपदातला धवला
कॅसेटचं कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग नसलेल्या सुक्या बोंबलांचा. ऐंशीच्या दशकात नेरूळ नुकतं वसत होतं तेव्हा मी तिशीतला, एकटा. नाटकांच्या तिकिटांपासून गाण्यांच्या टेपपर्यंत मिळेल ते जमवायचो. लग्नात धवले गाणारी एक म्हातारी जवळच्या सारसोळे गावात आहे असं कळलं, तसा भाद्रपदातल्या एका दुपारी टेपरेकॉर्डर घेऊन सुके बोंबील टांगलेल्या तिच्या अंगणात थडकलो आणि नाव-गाव सांगितलं. "मांडव नाय, नवरी नाय, धवला कसा म्हनू?" ती म्हणाली. मी हटून बसलो. शेवटी ती म्हणाली, "नवरा-नवरीचं नाव घेतल्याबिगर धवला पुरा व्हत नाय. कोनाचं घेऊ?" "कुणाचंही घ्या," मी म्हणालो, माझं सगळं लक्ष टेपच्या फिरत्या चाकांकडे. ती गायला लागली. तिचा कापरा आवाज गाता गाता तरणा होत गेला. नवरी म्हणून तिने कुठल्याशा मुलीचं नाव घेतलं, आणि नवरा म्हणून माझं. दारात सूप धरून उभ्या सुनेच्या डोळ्यांना धार लागली. "माझी ननंद व्हती," ती हळूच म्हणाली, "हळदीच्या आदल्या दिवशी तापानं गेली." निघताना म्हातारीने, जावयाला देतात तसा, नारळ माझ्या हातात ठेवला आणि मी तो घेतला. ती कॅसेट मी पुन्हा लावली नाही, पुसलीही नाही. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं की मी कपाटाकडे बोट दाखवतो. लोकांना वाटतं, छंदापायी.