भिंत उजव्या हाताला

आमच्या कांबळेबाई चढाशी भांडायच्या. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर सकाळी पळताना त्यांचा आवाज पार पायथ्यापर्यंत ऐकू यायचा, "आलास व्हय आडवा? थांब, बघतेच तुला!" बाई पीटीच्या. त्यांच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि जिना चढतानाही कठडा धरायचो.

नव्वदच्या दशकात लडाखमध्ये लागोपाठ पाच दिवस पळायची एक शर्यत निघाली. बाईंनी नाव घातलं आणि सामान सांभाळायला मला ओढलं. कारण एकच. सातवी झाली की बापमंडळी पोरींचं पळणं बंद करायची. "शर्यत येळंत पुरी केली की बिल्ला मिळतोय, सर. त्यो दावला की समदे बाप गप बसत्यात बघा." मी म्हटलं, "अहो, तिथं श्वास पुरत नाही!" तर म्हणाल्या, "मग जरा कमी बोलीन."

तो मुलूख बघून माझी पाचावर धारण बसली. झाड नाही, सावली नाही, नुसते उघडे डोंगर आणि हाडात शिरणारा वारा. मी जीपमध्ये, बाई पायांवर. वाटेत दगड रचलेल्या लांबलचक भिंती लागत, दगडांवर मंत्र कोरलेले. तिथली माणसं अशी भिंत उजव्या हाताला ठेवूनच पुढे जातात. शर्यतीच्या खुणा मात्र दुसऱ्या, जवळच्या बाजूनं रोवलेल्या. सगळे तिकडून पळायचे आणि बाई वळसा घालून! एक म्हातारी त्यांना तिथल्या रीतीनं नमस्काराचं "जुले" म्हणाली, बाईंनी हात जोडून "जय भीम" केला.

मी वैतागलो. "बाई, हे कर्मकांड कधीपासून?"

"कर्मकांड कशाचं? दुसऱ्याच्या दारात गेल्यावर चपला काढतोय का न्हाई आपण?"

शेवटच्या दिवशी मुदत संपत आलेली, आणि समोर सगळ्यांत लांब भिंत. तिच्या पलीकडे शेवटचा झेंडा दिसत होता. मी जीपमधून उडी टाकली. "बाई, आजच्या दिवस सरळ जा! बिल्ला जाईल हातचा! पोरींची शपथ आहे तुम्हाला!"

बाई थांबल्या. भिंतीकडे बघितलं, झेंड्याकडे बघितलं. "न्हाई जमायचं, सर," म्हणाल्या आणि वळसा घ्यायला लागल्या.

त्या पोचल्या तेव्हा झेंडा गुंडाळत होते. बिल्ला मिळाला नाही. मला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, "खायला काय हाय?"

गावी परतलो तर शाळेच्या फाटकात एका पोरीचा बाप उभाच. "मग बाई, बिल्ला कुठाय?"

"न्हाई मिळाला. उशीर झाला." मी मान खाली घातली, बाईंनी नाही. "पर ठरलेल्या वाटंपेक्षा जास्तच पळाले. सरांना इचारा. उद्या सकाळच्याला पोरगी धाडा."

मी मान वर करून म्हटलं, "जास्तच पळाल्या."

त्यानं सायकलवर टांग मारली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, गडी पोरीला सायकलवर घेऊन मैदानात हजर! मला इतका आनंद झाला की काय सांगू. बाईंनी मात्र त्याला तिथंच झापलं, "आवं, पळायला आलीया न्हवं ती? मग सायकलवर कशापायी?"